उघडे दार, पोदेराचा भोंगा आणि मोती

प्रश्न : आमच्याकडे मोती नावाचा चौदा महिन्यांचा पॉमेरेनियन कुत्रा आहे. घर जुने असून पुढे बाल्कांव (बसायचा छपराचा ओटा), त्यापुढे आंगण आणि लगेच रस्ता आहे. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला आणि पाव घ्यायला कोणी दार उघडले, की मोती पायांमधून निसटून थेट रस्त्यावर जातो. गेल्या आठवड्यात एका स्कूटरवाल्याने वेळीच ब्रेक लावला म्हणून तो वाचला. मी त्याला ‘थांब’ शिकवले आहे आणि माझे तो ऐकतोही. पण सासऱ्यांना दिवसा दार लावून घेण्याची सवय नाही आणि मुले विसरतात. आता त्याला साखळीने बांधूनच ठेवावे, असे घरातले म्हणतात. मला ते पटत नाही. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. दिवसभर बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि साखळी सुटताच पूर्वीपेक्षा जोराने पळतो. शिवाय आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

तुमच्या पत्रातले ‘माझे तो ऐकतो’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण अडचण तिथेच आहे. माझ्याही घरच्या कुत्रीला मी ‘थांब’ उत्तम शिकवले होते आणि तरीही मी घरात नसताना ती एका पाहुण्याच्या पायाशेजारून निसटली. ती सापडेपर्यंतचे दोन तास मी विसरलेलो नाही. तोंडी आज्ञा देणारा माणूस दाराशी असेलच असे नाही. म्हणून मोतीला तुमचा शब्द नव्हे, तर दाराचे उघडणे हीच थांबण्याची खूण आहे, असे शिकवायला हवे. मग दार सासऱ्यांनी उघडो किंवा मुलांनी, त्याच्यासाठी अर्थ एकच राहील.

मात्र शिकवणी पक्की होईपर्यंत त्याला पळण्याची संधी मिळता कामा नये. बाहेर धावणे हेच त्याचे बक्षीस असते आणि दहांपैकी एकदा जरी ते मिळाले, तरी उरलेल्या नऊ वेळा तो त्याच आशेने प्रयत्न करत राहतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. त्यासाठी सुताराकडून बाल्कांवाच्या तोंडाशी तीन फूट उंचीचे, आपोआप मिटणारे लाकडी फाटक करून घ्या आणि दोन पट्ट्यांमधून त्याचे डोके बाहेर निघणार नाही, एवढेच अंतर ठेवा. सासऱ्यांची जुनी सवय बदलण्यापेक्षा हे सोपे आहे. त्यांचे दार पूर्वीसारखे उघडे राहू शकेल.

शिकवणीची सुरुवात पुढच्या दारापासून करू नका. परसदार बरे, कारण तिथे रस्त्याचे आकर्षण नसते. मोतीला छातीवरून जाणारा हार्नेस घालून दोरी सैल धरा. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे दोरी गळ्याच्या पट्ट्याला बांधू नका. आता कडीला हात लावा. तो पुढे सरसावला, तर काही न बोलता हात मागे घ्या. तो क्षणभर जरी थांबला, तरी लगेच खाऊ द्या; पण तो उंबरठ्याजवळ नव्हे, तर आतल्या बाजूला, दारापासून दोन पावले दूर जमिनीवर ठेवा. दार हलले की मागे फिरायचे आणि तिथे काहीतरी चांगले मिळते, ही गाठ त्याच्या मनात बसू द्या. मग दार बोटभर उघडा, मग वीतभर, मग पूर्ण. तो पुढे आला की दार शांतपणे मिटायचे. नाक किंवा पंजा सापडणार नाही, याकडे मात्र लक्ष ठेवा. बाहेर न्यायचे असेल, तेव्हा ‘चल’ असा एकच ठरलेला शब्द वापरा आणि तो ऐकल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, हे कधीही मोडू नका. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, एवढे पुरे. परसदारी जमले की हाच धडा पुढच्या दाराशी पहिल्यापासून गिरवावा लागतो, कारण एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी लागू होते, हे कुत्र्याला आपोआप कळत नाही.

खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. उकडलेले कोंबडीचे मांस, पनीर किंवा गाजर चालेल. मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यांना विषारी आहेत.

राहिला भोंगा. मोतीच्या दृष्टीने भोंगा म्हणजे आता दार उघडणार. तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दार बंद असताना अगदी हळू लावून, प्रत्येक वेळी आतल्या खोलीतल्या त्याच्या चटईवर खाऊ टाका. काही दिवसांनी आवाज हळूहळू वाढवा. भोंगा ऐकून तो स्वतःहून चटईकडे वळू लागला, की खऱ्या पोदेराच्या वेळी हाच प्रयोग करा. त्याआधीच त्याला वास घेत घेत, रमतगमत फिरवून आणले, तर दाराची ओढ निम्मी होते. मोती नर असल्याने निर्बीजीकरणाबद्दलही पशुवैद्यांशी बोला. त्याने भटकण्याची ओढ बरीच घटते, पण भोंग्याची सवय त्याने जाणार नाही.

सासऱ्यांकडून मात्र एकाच गोष्टीचा आग्रह धरा : मोती बाहेर आल्यावर ओरडायचे नाही. खाऊचा डबा दाराशेजारच्या फळीवर ठेवून, दार उघडताना एक तुकडा आत टाकण्याचे काम त्यांच्याकडेच द्या.

गणेश चवथीच्या दिवसांत घरात माणसांची ये-जा आणि बाहेर फटाके असतात. तेव्हा शिकवणीवर विसंबू नका, त्याला आतल्या खोलीत कडी लावून ठेवा. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला बारा महिने असावा. कातडीखाली बसवतात ती मायक्रोचिपही जरूर बसवा, पण तिच्यात केवळ ओळख क्रमांक असतो. कुत्रा कुठे आहे, हे ती सांगत नाही.

प्रश्न : आमची डॅशहुंड बाहेर पळाली, की आम्ही मागे धावतो आणि ती आणखी दूर जाते. परत आल्यावर तिला शिक्षा करावी का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कधीही नको. कुत्रा शिक्षेचा संबंध नुकत्याच केलेल्या कृतीशी जोडतो आणि तिची शेवटची कृती ‘परत येणे’ ही असते. पाठलाग हा तिच्यासाठी खेळ आहे, म्हणून उलट दिशेने पळा किंवा खाली बसून खाऊची पिशवी वाजवा. बहुतेक कुत्री वळतात. घरात रोज ‘ये’ म्हणून खाऊ द्या आणि आंघोळीसाठी किंवा नखे कापण्यासाठी तो शब्द वापरू नका. ती जवळ आली, तर झडप घालू नका. आधी खाऊ द्या, मग एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन पाठ आडवी राहील असे उचला. या जातीचा कणा लांब असल्याने पुढच्या पायांना धरून उचलल्यास तिला इजा होऊ शकते.