गावातल्या वाचनालयाची वेबसाइट वाचकांच्या खरोखर उपयोगी पडावी म्हणून ती कशी आखावी?

तुमचं तालुक्याच्या गावचं ‘अ’ वर्ग वाचनालय. मंडळाने वेबसाइट करायचं ठरवलंय, आणि हाती आलेल्या आराखड्यात सरकते फोटो, अध्यक्षांचं मनोगत, संस्थेचा इतिहास आणि छायाचित्रं आहेत. यात वाचकाचं काय, हा तुमचा प्रश्न. तो आराखडा तूर्त बाजूला ठेवा आणि देवघेवीच्या टेबलापासून सुरुवात करा.

टेबलावर एक वही ठेवायची. १५ दिवस समोर येऊन किंवा फोनवर जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा. ‘सभासदत्वाबाबत चौकशी’ असं लिहिलं तर वही फुकट गेली. ‘डिपॉझिट परत कधी मिळतं?’ असंच लिहायचं. पंधरवड्याने एकसारखे प्रश्न एकत्र केले की बहुतेक ठिकाणी हीच यादी निघते: आज उघडं आहे का आणि किती वाजेपर्यंत, अमुक पुस्तक आहे का आणि सध्या आत आहे का, मुदत वाढवून मिळेल का, सभासद व्हायला कागदपत्रं कोणती आणि अनामत किती, अभ्यासिकेत जागा आहे का. दसऱ्याच्या आसपास ‘दिवाळी अंक योजना कधी सुरू होतेय?’ याची भर पडते. अध्यक्षांचं मनोगत विचारायला फोन केलेला वाचक या वहीत सापडणार नाही.

वहीत फक्त येणाऱ्यांचे प्रश्न येतात. म्हणून वर्गणी बंद केलेल्या आठ-दहा जणांना फोन करा. ‘वेबसाइटवर काय हवं?’ असं विचारू नका. लोक ई-बुकपासून ॲपपर्यंत सगळंच हवं म्हणतात आणि त्यातलं काही वापरत नाहीत. ‘मागचं पुस्तक कसं निवडलंत?’ आणि ‘इथून हात हलवत परत कधी गेलात, कशामुळे?’ हे दोन प्रश्न पुरतात.

मुखपृष्ठाचं काम यानंतर सोपं आहे. फोन हातात धरल्यावर, बोट न सरकवता, चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: ‘आज रात्री ८ पर्यंत उघडे’ अशी ओळ, पुस्तक शोधायची चौकट, दाबला की लागणारा फोन नंबर, आणि वहीतल्या वरच्या तीन-चार प्रश्नांची दारं. त्यांवरचे शब्दही वहीतूनच घ्या. ‘ओपॅक’ कुणाला कळत नाही, ‘पुस्तक शोधा’ कळतं. ‘नूतनीकरण’ म्हटलं की वर्गणी की पुस्तक हा घोळ होतो. ‘पुस्तकाची मुदत वाढवा’ लिहा. सरकते फोटो काढून टाका. दुसरा फोटो येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो, आणि कॅमेऱ्यातून थेट चढवलेला तीन-चार एमबीचा एकेक फोटो कमकुवत नेटवर्कवर पान अडवून बसतो. एखादा फोटो हवाच तर १२०० पिक्सेल रुंद करून २०० केबीच्या आत आणा. मनोगत, इतिहास, वार्षिक अहवाल यांना तळाशी ‘संस्थेविषयी’ पानात जागा द्या, म्हणजे मंडळही नाराज होणार नाही.

पैसा आणि वेळ खरा लागतो तो शोधाला, आणि आराखड्यांत नेमका त्याचाच उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो.

आधी तुमची यादी कशात आहे ते बघा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती पडद्यावर मराठी दिसते, पण आत वेगळीच अक्षरं असतात. शोध तिथेच मरतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावी लागेल. रूपांतर करणारी साधनं रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत हमखास घसरतात, म्हणून शंभरेक नोंदी डोळ्यांनी तपासल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका.

युनिकोडमध्ये आल्यावरही दिसायला एक आणि आत दोन अशी प्रकरणं राहतात. ‘ॲ’ हे एकसंध अक्षरही असतं आणि अ वर चंद्र ठेवूनही बनतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नव्या कळफलकावर ऱ या स्वतंत्र अक्षराने येतो, जुन्या नोंदींत मात्र र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह आणि य अशी साखळी असते. वाचकाने एक रूप टाइप केलं आणि नोंद दुसऱ्या रूपात असली की उत्तर ‘शून्य पुस्तके’. उपाय म्हणजे साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घेणं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. ती जुनी साखळी आधी ऱ्य मध्ये बदलायची आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं पुसायची. उलट केलंत तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होईल आणि आचाऱ्यांचे आचार्य होतील. नाव दाखवताना ते चालणार नाही. शोधाच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे शोधासाठी संगणक आत बनवून ठेवतो त्या शब्दयादीत, मात्र र्य आणि ऱ्य मुद्दाम एकच धरायला हरकत नाही. एखाददुसरं जास्तीचं पुस्तक दिसलं तर कुणाचं बिघडत नाही.

तीच सवलत ह्रस्व-दीर्घाला द्या, श-ष ला द्या, आणि माझ्या मते न-ण लाही. तंतोतंत जुळणारं वर, सैल जुळणारं खाली. शुद्धलेखनाची परीक्षा घेणं हे शोधाच्या चौकटीचं काम नव्हे.

बरेच जण रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात, आणि त्यात एकवाक्यता नाही: ‘ज्ञ’ कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जी-वाय, कोणी जे-एन. ग्रंथालयांत पुस्तकाची नोंद संगणकावर ठेवायचा ‘मार्क’ नावाचा ठरलेला साचा असतो, आणि त्यातल्या प्रत्येक रकान्याला (क्षेत्राला) क्रमांक असतो. मार्क नोंदीत शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी २४६ हे क्षेत्र असतं. लोक लिहितात तशी एक-दोन रोमन रूपं तिथे भरा. अक्षरांवर रेघा-टिंबं देणारं शास्त्रीय लिप्यंतर ग्रंथपालाला आवडतं, पण फोनवर ते कुणी टाइप करत नाही.

लेखकांची नावं हा आणखी एक खड्डा. आद्याक्षरांमधली टिंबं आणि मोकळ्या जागा शोधताना काढून टाकायच्या, म्हणजे ‘पु. ल.’, ‘पु ल’ आणि ‘पुल’ एकाच ठिकाणी पोचतात. टोपणनावांना अधिकृत नामनोंद, म्हणजे एका लेखकाची सगळी नावं एकत्र बांधणारी नोंद, लागते. कुसुमाग्रज शोधणाऱ्याला वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दिसली पाहिजेत, आणि राम गणेश गडकरी म्हटलं की गोविंदाग्रज व बाळकरामही. नामनोंदीतलं ४०० क्षेत्र एकाच माणसाच्या अशा पर्यायी नावांसाठी आहे.

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहून घेऊ नका. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही प्रणाली मुक्त आणि फुकट आहे. मार्क नोंदी आणि नामनोंदी ती सांभाळते. तिच्यात झेब्रा हे शोधयंत्र वापरणार असाल तर अनुक्रमणिका ‘आयसीयू’ या युनिकोड नीट हाताळणाऱ्या पद्धतीने करून मागा. नेहमीच्या पद्धतीला देवनागरी नीट पेलत नाही. वर सांगितलेली सैल जुळणी मात्र आपोआप मिळत नाही, ती साइट करून देणाऱ्या व्यावसायिकाशी होणाऱ्या करारात लिहून घ्यावी लागते.

काहीच सापडलं नाही तर कोरं पान नको. ‘या नावाने पुस्तक मिळालं नाही’, खाली ‘मागणी नोंदवा’ आणि फोन नंबर. असे निष्फळ शोध महिन्याला एकदा वाचा. कोणती पुस्तकं घ्यायची आणि कोणती नावं आपल्या नोंदींत चुकली आहेत, दोन्ही त्यात कळतं. ‘आत आहे / बाहेर आहे’ ही खूण मात्र देवघेव तिथल्या तिथे संगणकावर होत असेल तरच दाखवा. दिवसभर रजिस्टरात लिहून संध्याकाळी चढवत असाल तर ‘काल रात्रीपर्यंतची नोंद’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर माणूस रिक्षा करून येतो आणि टेबलावरच्या बाईंना बोलणी बसतात.

मजकुराच्या दिसण्याबद्दल थोडं. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगितलेलं असावं. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्यांचं वाचनयंत्रही मराठी उच्चार निवडू शकतं. अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको, ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पट तरी ठेवा, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ ठेवा. फिकट राखाडी अक्षर ज्येष्ठ सभासदांना दिसतच नाही. सभासदत्वाचे नियम स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये टाकू नका. ते फोनवर वाचवत नाहीत आणि शोधात येत नाहीत.

कोड लिहायच्या आधी कागदावर पानं काढून पाच जणांना दाखवा: एक ज्येष्ठ वाचक, एक अभ्यासिकेतला विद्यार्थी, बालविभागात मुलाला आणणारी आई, एक नवखा आणि एक इंग्रजीत टाइप करणारा. काम सांगताना बटणावरचा शब्द वापरू नका. ‘मुदत वाढवा’ असं बटण असेल तर ‘पुस्तक उद्या द्यायचंय आणि अजून वाचून झालं नाही, काय कराल?’ असं विचारा. मग गप्प बसा. बोट कुठे थबकतं ते लिहून घ्या. दुरुस्ती करून दुसऱ्या पाच जणांना दाखवा, आणि साइट तयार झाल्यावर त्यांच्याच फोनवर पुन्हा.

चालू झाल्यावर पहिली मोडते ती वेळेची ओळ. अचानक सुट्टी लागली तर टेबलावरच्या माणसाला स्वतःच्या फोनवरून मिनिटभरात ‘आज बंद’ करता आलं पाहिजे. त्यासाठी व्यावसायिकाला फोन करावा लागत असेल तर ती ओळ खोटीच राहणार. गूगल मॅप्सवरची वेळही त्याच वेळी बदला, कारण बरेच जण तुमच्या साइटवर न येता तिथेच बघतात. थकबाकीदारांची नावं किंवा सभासदांचे मोबाइल नंबर साइटवर चढवायचा मोह काही मंडळांना होतो. तो तिथेच थांबवा. कोणी काय वाचलं याचा इतिहासही सभासदाने मागितला तरच ठेवा.

करारात शेवटी दोन गोष्टी बघा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदलेलं असावं, व्यावसायिकाच्या खात्यात नको. आणि पुस्तकांची सगळी यादी मार्क फाइलमध्ये दर महिन्याला तुमच्या हातात मिळावी. शेवटचा हप्ता देण्याआधी अशी एक फाइल मागवून ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.