जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे घरी कसं ओळखायचं?

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट न होता सावकाश बसली, तर पाणी कमी झालंय. डोळे खोल जाणं, रडताना अश्रू न येणं, लघवी कमी होणं हीसुद्धा लक्षणं.

नुसतं पाणी पाजून भागत नाही, जुलाबातून क्षारही जातात. म्हणून ओआरएस, म्हणजे पाकिटात मिळणारी मीठ-साखरेची पूड, पाण्यात कालवून द्यायची. तिच्यातल्या साखरेमुळे आतडं मीठ आणि पाणी दोन्ही शोषून घेतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणावर पटकीचे (कॉलऱ्याचे) असंख्य रुग्ण वाचवले. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवा, चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. आईचं दूध कृपा करून बंद करू नका.

मूल गळून गेलं किंवा पीतच नसेल, तर लगेच दवाखाना गाठा.