उस्तादांना विचारायचे कसे?

प्रश्न : आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण करून मी नागपुरातच मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत तारेचे वेढे नव्याने भरण्याच्या दुकानात कामाला लागलो आहे. उस्ताद कामात तरबेज आहेत. पण काही विचारले की ‘पाहून शीक’ एवढेच म्हणतात. पुन्हा विचारायचा धीर होत नाही. माझे कुठे चुकते आहे? की दुकान सोडून अप्रेंटिसशिप करावी?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : उस्तादांच्या बोलण्याचा राग मानू नका. ज्यांचे शिक्षण हातातून झाले, त्यांना ‘वाइंडिंग कसे करतात?’ यासारख्या मोघम प्रश्नाचे उत्तर शब्दांत देणे खरोखरच जड जाते. परंतु समोरच्या मोटारीतली एखादी नेमकी अडचण विचारली, तर तेच उस्ताद हातातले काम ठेवून सांगू लागतात, असा अनुभव बहुतेक दुकानांत येतो.

त्यासाठी एक वही ठेवा. जळालेली मोटार उघडल्यावर जुने वाइंडिंग काढण्याआधी स्लॉट (तार बसवायच्या खाचा) किती, कॉइल (तारेच्या वेढ्यांचे गुंडाळे) कोणत्या स्लॉटपासून कोणत्या स्लॉटपर्यंत गेली आहे आणि रनिंग व स्टार्टिंग या दोन वाइंडिंगची टोके कशी जोडली आहेत, याची आकृती काढा. वाइंडिंग काढताना प्रत्येक कॉइलचे वेढे मोजा. तारेवरचे इनॅमल (वीजरोधक लेप) काढून मगच मायक्रोमीटर लावा. कारण इनॅमलसकट मोजलेली तार जाड भरते आणि गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, चुकतो. मग वही पुढे करून विचारा, ‘उस्ताद, माझ्या मोजणीत इतके वेढे आले, बरोबर आहेत का?’ नव्याने समजावण्यापेक्षा चूक दाखवणे कोणत्याही कारागिराला सोपे जाते, आणि तुम्ही आधी स्वतः डोके चालवले आहे हेही त्यांना दिसते. वेढे कमी पडले तर मोटार जास्त करंट घेऊन तापते आणि तांब्यासह सगळी मेहनत वाया जाते. त्यामुळे हा प्रश्न उस्तादांनाही नकोसा वाटणार नाही.

वेळही पाहावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत कूलरच्या मोटारींचा ढीग लागलेला असतो आणि गिऱ्हाईक दारात उभे असते, तेव्हा फक्त पाहा आणि टिपून ठेवा. पावसाळा लागून काम ओसरले, की साठलेले प्रश्न काढा. विजेच्या धोक्याचा प्रश्न मात्र ऐन गर्दीतही लगेच विचारला पाहिजे. प्लग काढल्यावरही मोटारीच्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहू शकतो. तो सुरक्षितपणे कसा उतरवायचा हे विचारल्याशिवाय त्याच्या टोकांना हात लावू नका, मग उस्ताद कितीही रागावोत.

एकाच माणसावर अवलंबून राहू नका, हेही आग्रहाने सांगतो. शेजारच्या दुकानातले वयस्क मिस्त्री किंवा आयटीआयमधले तुमचे निदेशक यांना तीच शंका विचारली आणि उत्तरे वेगळी आली, तर दोघांनाही कारण विचारा. तिथेच खरी समज येते.

अप्रेंटिसशिप जरूर करा; 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तिथे विद्यावेतन मिळते आणि परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळते. नागपुरात रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणीत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. निवड होईपर्यंत हे दुकान सोडू नका, आणि निवड झाली तर उस्तादांना आधी स्वतः जाऊन सांगा.