स्टॅम्प काँक्रीटचा ड्राइव्हवे: डिझाइन निवडण्याआधी खाली काय पुरलंय ते बघा

पुण्यातल्या सूस रोडच्या एका वाचकांचा मोठा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. रो हाऊस आहे, गेटपासून पोर्चपर्यंत ८५० स्क्वेअर फूट जागा, सध्या तिथे फुटलेला कोबा आहे. त्यांना स्टॅम्प काँक्रीट करायचंय, म्हणजे रंगीत काँक्रीट ओतून त्यावर दगडी फरशीसारखा ठसा उमटवतात ते. कॉन्ट्रॅक्टरने तीन डिझाइन दाखवलीत, स्लेट फरशी, गोटे आणि लाकडी पट्ट्या. रेट २३० रुपये फूट, वर जीएसटी, "पण बिल नको असेल तर तो वाचेल" असंही म्हणाला. शिवाय पावसाळ्याच्या आत उरकून घ्या म्हणून मागे लागलाय. एक प्रॉपर्टी एजंटही त्यांना म्हणाला की अशा ड्राइव्हवेने घराची किंमत पाच लाखांनी वाढते. मेलच्या शेवटी एक ओळ सहज लिहिलीय की सेप्टिक टँक याच जागेखाली आहे आणि महापालिकेची ड्रेनेज लाइन अजून आमच्या गल्लीत आलेली नाही.

नोकरी आयटीत, घरात येणारा पगार १ लाख ३५ हजार, होम लोनचा हप्ता ४१ हजार आणि अजून आठ वर्षं बाकी, घरखर्च ५० हजार, एसआयपी २० हजार. एफडी ६ लाखांची. मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल, दिवाळीला बोनस दीड लाखाच्या आसपास. प्रश्न दोन, डिझाइन कोणतं घेऊ, आणि पैसे एफडी मोडून काढू, पर्सनल लोन घेऊ की होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज?

नमस्कार. तुम्ही जी ओळ शेवटी लिहिलीत ना, मी तिथूनच सुरू करतो, कारण माझ्या मते तुमचं उत्तर त्याच ओळीत आहे. सूस २०२१ मध्ये महापालिकेत आलं, ड्रेनेजचं काम या सगळ्या नव्याने आलेल्या गावांत टप्प्याटप्प्याने चाललंय, तुमच्याकडे कधी येईल ते सोडा, पण येईल तेव्हा तुमच्या टँकपासून रस्त्यापर्यंत चर खणावा लागणार आणि तो बरोब्बर या ड्राइव्हवेमधून जाणार. शिवाय पाइप गॅस घेतलेला नसेल तर तोही एक दिवस येईलच. स्टॅम्प काँक्रीट एकसंध स्लॅब असतो, कटर लावून दीड-दोन फुटांचा पट्टा कापला की परत भरता येतो पण रंग आणि ठसा जुळत नाही, कितीही कारागीर माणूस आणा, तो पट्टा कायम ओरडून सांगतो की मी नंतर आलोय. म्हणजे आज सव्वादोन लाख घालून जे विकत घेताय ते दिसणं, आणि नेमकं तेच पहिल्या खोदाईत जाणार.

आता आकडे बघू. ८५० गुणिले २३० म्हणजे १,९५,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३५,१९०, एकूण २,३०,६९०. यात सीलर, म्हणजे रंग टिकवायला वरून मारतात तो थर, एकदाच धरलाय, तो दर दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो नाहीतर रंग उडतो, तुमच्याच कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात रि-सीलिंग १८ रुपये फूट लिहिलंय बघा, म्हणजे दर वेळी १५,३००. दहा वर्षांत तीन-चार वेळा धरा, ४५ ते ६० हजार.

एफडी मोडायची म्हणाल तर तुमचा महिन्याचा न टाळता येणारा खर्च ९१ हजार आहे, सहा महिन्यांचे साडेपाच लाख होतात आणि तुमची एफडी ६ लाखांची, म्हणजे ती जेमतेम इमर्जन्सी फंडाएवढीच आहे. तिच्यातून २.३ लाख काढले की चार महिन्यांचा खर्च उरतो. आयटीत सध्या जे चाललंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघताय. वर मुदतीआधी मोडली म्हणून बँक अर्धा-एक टक्का व्याज कापते ते वेगळंच.

पर्सनल लोन १४ टक्क्याने तीन वर्षं धरलं तर हप्ता ७,८६० च्या आसपास आणि एकूण व्याज ५३ हजार. टॉप-अप ९ टक्के म्हणजे स्वस्त वाटतो, हप्ता पण ३,३७० च, पण तो होम लोनबरोबर आठ वर्षं चालवलात तर व्याज ९३ हजार जातं! रेट कमी आणि व्याज जास्त, कारण मुदत लांब. बँकेचा माणूस हप्ता किती ते सांगतो, एकूण किती भरणार ते सहसा आपल्याला विचारावं लागतं. आणि टॉप-अपच्या व्याजावर टॅक्स वाचेल असं कोणी सांगितलं असेल तर नव्या टॅक्स रिजीममध्ये स्वतः राहता त्या घरासाठी ते मिळत नाही, जुन्या रिजीममध्ये दुरुस्तीच्या कर्जाला ३० हजारांची मर्यादा आहे आणि तीही दोन लाखांच्या आतच.

बिलाचं. ३५ हजार वाचतात खरे, पण उद्या स्लॅब बसला किंवा रंग गेला तर तुमच्या हातात दाखवायला कागदच नाही, ग्राहक आयोगात कशाच्या जोरावर जाणार? शिवाय घर विकाल तेव्हा सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो, इंडेक्सेशनशिवायचा, म्हणजे महागाईची वाढ न धरता लागणारा सध्याचा १२.५ टक्के रेट धरला तर २.३ लाखांवर साधारण २८,८०० टॅक्स. ते खूप पुढचं आहे आणि तुमच्या केसमध्ये काय धरलं जाईल ते सीएला विचारा. मी तरी बिनबिलाचं काम करा असं सांगणार नाही, तुम्हाला नाही आणि कोणालाच नाही.

एजंट म्हणाला ना, ड्राइव्हवेने घराची किंमत पाच लाखांनी वाढते म्हणून, ते सोडून द्या. तुमच्याकडे किंमत आहे ती जमिनीची. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यात, ठशाच्या डिझाइनचा कॉलम नसतो.

मग करायचं काय? माझं मत, आत्ता पेव्हर ब्लॉक, म्हणजे काँक्रीटचे सुटे ठोकळे. हो, मला माहितीये तुम्हाला ते पेट्रोल पंपासारखे दिसतात, वहिनींनी मेलमध्ये तसं लिहायला लावलंय, पण ऐका. ब्लॉक उचलता येतात. चर खणला, पाइप टाकला, नीट धुम्मस करून भरला की तेच ब्लॉक परत बसतात, मजुरी सोडून काही जात नाही. तुम्हाला दुसऱ्या माणसाने ८० मिमी ब्लॉकचा रेट १०५ दिलाय, ते जीएसटीसह १,०५,३१५ होतात, म्हणजे सव्वा लाखाचा फरक. हा सव्वा लाख तुम्ही बाजूला टाकू शकलात तर ७ टक्क्याने दोन वर्षांत टॅक्सच्या आधी १ लाख ४३ हजार होतील, नेमके मुलीच्या पहिल्या फीच्या वेळेला.

यात एक गोष्ट दोन्ही कोटेशनमध्ये नाहीये आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते, ती म्हणजे खालची माती. तुम्ही फोटो पाठवलात त्यात कोब्याच्या भेगांतून काळी माती दिसतेय. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, तुमचा आत्ताचा कोबा बहुतेक त्यामुळेच फुटला, आणि तिच्यावर दोन लाखांचं काँक्रीट घाला नाहीतर लाखाचे ब्लॉक घाला, दोन्हीचं तेच होणार. ती काढून नऊ इंच मुरूम थराथराने पाणी मारून दाबून घ्या. हिशोबाने साडेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो पण दाबल्यावर बसतो म्हणून आठ धरा, खोदाई आणि माती उचलून नेण्यासकट ३०-३५ हजार बाजूला ठेवा. वर खडीचा थर, मग इंच-दीड इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, आणि चारही बाजूंनी काँक्रीटची कड, कड नसेल तर गाडी वळते तिथले ब्लॉक सरकत जातात. ब्लॉक मशीनवर दाबलेले घ्या, रबर मोल्डचे चकचकीत नकोत. आयएस १५६५८ या ब्लॉकच्या भारतीय मानकात हलक्या वाहतुकीला ६० मिमी, एम ३५ (एम म्हणजे काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) चालतो, पण तुमच्याकडे पाण्याचा टँकर आत येतो म्हणालात, म्हणून ८० मिमी, एम ४० बरोबर आहे.

टँकरवरून आठवलं, तो सेप्टिक टँकवरून जातो का? टँकचा स्लॅब माणसं चालण्यापुरता बांधलाय की गाडीच्या वजनाचा, हे कोणालाच विचारलेलं दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवा, त्याची फी या सगळ्या खर्चात सगळ्यात उपयोगी जाईल. चेंबरची झाकणं हेवी ड्यूटी घ्या. आणि खणलंच आहे तर दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, एक ईव्ही चार्जरच्या केबलला, एक पाण्याला, चारशे-पाचशे रुपयांत होतं.

ढाळ दर दहा फुटांना अडीच इंच, घराकडून गेटकडे, आणि गेटजवळ शोषखड्डा. पुण्यात वर्षाला सातशे मिमी पाऊस धरला तर ८५० फुटांवर ५५ हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे साडेपाच टँकर, सगळं काही जिरणार नाही पण अर्धं जिरलं तरी तुमच्या बोअरला फरक पडेल. रेन वॉटर हार्वेस्टिंग नियमाप्रमाणे केलं तर महापालिका मिळकतकराच्या सर्वसाधारण करात सूट देते, एका प्रकल्पाला ५ टक्के, सोलरही असेल तर १० टक्के, तो अर्ज विसरू नका.

पावसाळ्याआधीची घाई अजिबात करू नका. स्टॅम्प करायचं म्हटलं तरी कोरड्या उन्हात काँक्रीट भराभर सुकतं आणि तडकतं, वळवाचा एक शिडकावा ताज्या रंगावर पडला की खड्डे पडतात. तुमच्या स्लॅबला दहा घनमीटर काँक्रीट म्हणजे मिक्सरच्या दोन गाड्या, दुसरी चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तर अर्ध्या ड्राइव्हवेची शेड वेगळी. दिवाळीनंतर करा, बोनस आलेला असेल. ब्लॉक आणि मुरूम मिळून १ लाख ४० हजार, दीड लाखात बसतं. एफडी आणि एसआयपी दोन्हीला हात लावायची गरज नाही.

आणि स्टॅम्प हवंच असेल तर पोर्चच्या पायऱ्यांपुढचा ६०-७० फुटांचा तुकडा करा, जिथून पाइप जाणार नाही. त्यात स्लेट घ्या, गोट्यांच्या खाचांत माती साचते आणि लाकडी पट्ट्या दोन वर्षांत खोट्या दिसायला लागतात. सीलरमध्ये अँटी-स्किड पावडर टाकायला सांगा, नाहीतर तो पावसात साबणासारखा होतो आणि आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे तुम्हीच लिहिलंय. तिथे पाच इंची स्लॅबच करा, एम २५, आणि पाणी निदान दहा दिवस मारा.

कॉन्ट्रॅक्टरला अ‍ॅडव्हान्स २० टक्क्यांच्या वर नको. मुरूम दाबून झाला की तुम्ही स्वतः उभं राहून बघा आणि मगच दुसरा हप्ता, शेवटचे १० टक्के पुढचा पावसाळा गेल्यावर, असं कोटेशनवरच लिहून घ्या, नाही म्हणाला तर तिसरा माणूस बघा. करड्या ब्लॉकला गडद राखाडी बॉर्डर घेतलीत तर पेट्रोल पंपासारखं दिसणार नाही, वहिनींना सांगा. आणि त्याच लॉटमधले ४०-५० फूट ब्लॉक जास्तीचे घेऊन मागे रचून ठेवा, ड्रेनेजवाले आले की लागतील.