वडील व्यवहारी, मी चित्रकार. बोलणं जुळवायचं कसं?

‘कसं वाटलं?’ म्हणून पूर्ण झालेलं चित्र त्यांच्यासमोर धरू नका. त्यावर ते ‘छान’ म्हणणार किंवा ‘याचे किती मिळतील?’ विचारणार, आणि दोन्हींनी तुम्ही दुखावणार. त्यांना काम करताना दाखवा.

सगळ्यात सोपी सुरुवात कॅनव्हासच्या चौकटीपासून. चार पट्ट्या जोडताना त्यांना मदतीला बोलवा. दोन्ही कर्णांची लांबी सारखी आली तर चौकट काटकोनात, नाहीतर तिरकी. कापड ताणताना पिना चारही बाजूंच्या मधोमधून सुरू करून कोपऱ्यांकडे न्यायच्या. कोपऱ्यातून सुरुवात केली की सुरकुत्या पडतात. इथे त्यांचं व्यवहारी ज्ञान खरंच उपयोगी पडतं आणि त्यांनाही ते कळतं. हातात काम असलं की समोरासमोर बसल्यासारखं अवघडायला होत नाही.

पैशाचा विषय टाळू नका. वहीत चार रकाने करा: तास, सामानाचा खर्च, आलेले पैसे, येणं बाकी. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं दाखवा. आकडे फुगवू नका. एकदा पकडले गेलात की पुढचे खरे आकडेही संशयात जातात. आणि त्याच बैठकीत पैसे मागू नका!

कौतुकाची वाटही फार पाहू नका. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानच्या बँकर वडिलांनी त्याला कायदा शिकायला लावला, चित्रकलेवर कुरकुर केली, तरी खर्चाला पैसे पाठवत राहिले. 1866 साली त्याने त्यांना वर्तमानपत्र वाचताना रंगवलं. तुमच्या वडिलांनाही तासभर बसवून बघा, हातात पेपर देऊन.