रेनेसान्स (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) शैलीतलं धार्मिक शिल्प बनावट निघालं तर संग्रहालयाने ते ठेवावं का? आणि एवढे तज्ज्ञ फसतात तरी कसे?

ठेवावं, आणि ज्याने घडवलं त्याचं नाव पाटीवर ठळक लिहावं. हा प्रश्न विचारताना तुम्ही अमेरिकेतल्या बोस्टनच्या संग्रहालयातल्या बनावट समाधीचं उदाहरण देऊन ती घडवणाऱ्या आल्चेओ दोसेना या शिल्पकाराला सरळ ‘भामटा’ म्हटलंय. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

दोसेना इटलीतल्या क्रेमोनाचा, जन्म १८७८. जुन्या इमारती आणि चर्चमधल्या दगडकामाची दुरुस्ती करता करता हात तयार झाला. रोममध्ये फासोली आणि पालेसी हे व्यापारी त्याच्याकडून मॅडोना (मेरीमातेच्या मूर्ती), देवदूत, समाध्या करवून घेत आणि जुना माल म्हणून विकत. बोस्टनने १९२४ साली ती संगमरवरी समाधी पंधराव्या शतकातल्या मिनो दा फिएसोले या शिल्पकाराची समजून घेतली, सुमारे एक लाख डॉलरला. घडवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं आलं. आपल्या कामांच्या किमती कळल्यावर १९२८ मध्ये दोसेनाने स्वतःच व्यापाऱ्यांना कोर्टात खेचलं आणि सगळं बाहेर आलं. तो वकिलाकडे गेला नसता, तर आणखी किती वर्षं हे चाललं असतं कोण जाणे.

माझे वडील मूर्तिकार होते. काळ्या पाषाणातले विठ्ठल-रखुमाई, गणपती, नंदी, असं देवळांचं काम. एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडून विष्णू करवून घेतला. मजुरी आधीच ठरलेली. वडिलांनी जीव ओतला त्यात. प्रभावळीत दशावतार होते, एकेक अंगठ्याच्या पेराएवढा. मत्स्यावतार कोरताना छिन्नी सटकली आणि शेपटीचा टवका उडाला. तेवढ्यासाठी दगड टाकून देता येत नाही. मग त्यांनी शेपटी उलटी वळवून वर घेतली आणि तो खळगा लाटेत जिरवून टाकला. आम्ही पोरं बघत होतो.

पुढे बऱ्याच काळाने एका बंगल्यात देवघराच्या मापासाठी गेले, तर दिवाणखान्यात तोच विष्णू उभा. नाकाचा शेंडा छाटलेला, गदेचा हात कोपरापासून तोडलेला, खाचांत शेंदूर आणि तेलाचा चिकटा. मालक कौतुकाने सांगत होते, यादवकालीन आहे, एका पडक्या देवळातून मिळाली. वडिलांनी वाकून शेपटी बघितली आणि म्हणाले, ‘ही माझ्या हातची आहे.’ मालकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि देवघराचं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं.

भंगलेली मूर्ती आपल्याकडे पूजेत ठेवत नाहीत. ज्याने ती घडवली त्याला तो तुटलेला हात बघून काय वाटलं असेल? त्या रात्री ते जेवले नाहीत. व्यापाऱ्याने नंतर फोन उचलणं बंद केलं.

माझा चुलतभाऊ आजही म्हणतो की चूक काकांचीच. जुन्या धाटणीची मूर्ती केलीच कशाला? व्यापारी काय करणार हे कळत नव्हतं का? अरे, विष्णूची दुसरी धाटणी कुठली? आयुधांचा क्रम, अंगाचं ताल-मान, प्रभावळ, हे सगळं जुनंच. तेच शिकवलं जातं आणि देऊळवालेही तेच मागतात. दोसेनाचंही हेच होतं. तो कुठल्याही एका शिल्पाची हुबेहूब नक्कल करत नव्हता, जुन्या उस्तादांच्या धाटणीत स्वतःचं नवं काम करत होता. शिल्प खोटं ठरतं ते त्याला खोटा जन्म चिकटवला जातो तेव्हा, आणि तो चिकटवतो विकणारा. फ्लॉरेन्सच्या बास्तियानिनी या शिल्पकाराने घडवलेल्या बेनिव्हिएनी या जुन्या कवीच्या अर्धपुतळ्याला फ्रेप्पा नावाच्या व्यापाऱ्याने ३५० फ्रँक दिले. तोच पुढे पंधराव्या शतकातला समजून पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने १३,६०० फ्रँकला घेतला. आता यात भामटा कोण, तुम्हीच सांगा.

तज्ज्ञ का फसतात, तर त्यांना मोठं नाव हवं असतं. बोस्टनच्या समाधीवर लॅटिनमध्ये मृत्यूचं साल १४३० कोरलेलं आहे. मिनोचा जन्मच १४२९ च्या आसपासचा. त्यातच ‘उपरोक्त’ मारिया कातेरिना सावेल्ली वारली असं लिहिलंय, आणि वर तिचा उल्लेखच नाही. मजकूर नीट वाचला असता तरी संशय आला असता. लाकडाच्या बाबतीत क्ष-किरण कामाला येतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने जोव्हान्नी पिसानो या मध्ययुगीन इटालियन शिल्पकाराची म्हणून घेतलेली लाकडी मॅडोना १९२७ मध्ये तपासली, तर आत आधुनिक खिळे सापडले. दगडात ते तितकं जमत नाही. तिथे हत्याराच्या खुणा आणि पृष्ठभागाची झीज बघावी लागते, आणि ती एखाद्या पाथरवटाला जितकी दिसते तितकी पुस्तकी माणसाला दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. दगडाला जुनेपणाचा रंग दोसेना स्वतः चढवायचा आणि त्यात तो फार तरबेज होता. त्यामुळे आपली कामं जुनी म्हणून विकली जातात याची आपल्याला काहीच कल्पना नव्हती हे त्याचं म्हणणं मी पूर्ण मानत नाही. माझ्या वडिलांनी तसलं काही कधी केलं नाही, हे भावाने एकदा नीट लक्षात घ्यावं. बाकी देवळातून खरोखर चोरलेल्या मूर्तींचा विषय वेगळा आहे, त्या परत गेल्याच पाहिजेत.

तर शिल्प दालनातच ठेवावं. पाटीवर आधी शिल्पकाराचं नाव, मग कोणी विकलं, किती डॉलरला विकलं आणि त्यातले घडवणाऱ्याला किती मिळाले, तेही लिहावं.