पहिल्या तीन महिन्यांत एवढंच करा

गोव्यात वेर्ण्याला कारखाना, दीडशे कामगार, तीन पाळ्या, बजेट तुटपुंजं आणि कामगारांच्या आरोग्यासाठी उपक्रम सुरू करायचाय, तर झुंबा आणि पावलं मोजायची स्पर्धा सध्या विसरा. तिथे आधीच धडधाकट असलेले दहाजण येतात. बाकीच्यांना कंपनीची बस गाठायची असते, म्हणून पाळी सुटल्यावर काही ठेवलंत की हॉल रिकामा. पाळी चालू असतानाच वीस मिनिटं सोडायला सुपरवायझरला आधी पटवा.

सुरुवात निनावी चिठ्ठीने: झोप, कंबरदुखी, कॅन्टीन, तीनच प्रश्न. हिंदीतही छापा.

मग रक्तदाब. इथे घाई नडते.
- यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको.
- आधी अर्धा तास चहा-तंबाखू बंद. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. जिना चढून आलेल्याचा लगेच मोजलात तर आकडा उगाच चढा दिसतो.
- १४०/९० किंवा त्यावर आला तर डॉक्टरकडे पाठवा. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर त्यांच्याच दवाखान्यात.
- आकडे एचआरच्या एक्सेलमध्ये नकोत. एकदा बाहेर फुटले की पुढच्या खेपेला कोणी बाही वर करणार नाही.

कॅन्टीनमध्ये टेबलावरची मिठाची डबी तेवढी उचला. हुमण (माशांची आमटी) आणि उकड्या तांदळाच्या शिताला (भाताला) हात लावू नका, बंड होईल!

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक नोटीस बोर्डावर नको, शौचालयाच्या दाराला आतून चिकटवा. तिथे वाचताना कोणी बघत नाही.